कासवांचं गाव, पाहुण्यांचं गाव: किनाऱ्यावर संवर्धन आणि पर्यटन एकत्र कसं उभारायचं

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातलं वेळास आज कासव महोत्सवासाठी ओळखलं जातं. तिथे गोष्टी कोणत्या क्रमाने घडल्या ते मात्र फार थोडे जण विचारतात. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांची पाहणी करत होते, तेव्हा त्यांना किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी चोरीला जात होती. संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. महोत्सव भरायला लागला तो २००६ साली. मधल्या वर्षांत नुसती राखण होती, फलक नव्हते की बुकिंग नव्हतं.

आता कोकणातल्या बऱ्याच गावांना असं काही करावंसं वाटतं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अनेक ठिकाणी सुरुवात फलकापासून होते. आधी राखण, मग पाहुणे, आणि पाहुण्यांचा पहिला रुपया येण्याआधी त्याच्या वाटपाचे नियम कागदावर. हा क्रम उलटला की काही वर्षांत गावात भांडणं राहतात आणि किनाऱ्यावर कुत्री. पुढचं सगळं ग्रामपंचायत सदस्य, बचत गटातल्या बाया आणि गावातली धडपडी पोरं यांच्यासाठी लिहिलं आहे.

१. पहिला हंगाम: चालायचं, बघायचं, लिहायचं

ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालायला येतात, बहुतेक रात्रीच. म्हणून उजाडायच्या आत, दोघांनी मिळून, पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोज चालायचं. उशीर झाला की माग भरतीने किंवा माणसांच्या पायांनी पुसला जातो. या कासवाचा माग साधारण ७० ते ८० सेंटीमीटर रुंद असतो आणि डाव्या-उजव्या वल्ह्यांचे ठसे एकाआड एक पडलेले दिसतात. वर चढणारा एक माग, परतीचा दुसरा, आणि मध्ये उसकटलेली वाळू.

वहीत रोज लिहायचं: तारीख, वेळ, जागा (किनाऱ्यावर दर शंभर मीटरला एक बांबू रोवून त्याला क्रमांक द्या), मादी अंडी घालून गेली की नुसतीच वर येऊन परतली, घरटं शाबूत आहे की उकरलेलं, उकरलं असेल तर कुणी. कोल्हा, कुत्रा, रानडुक्कर की माणूस, हे आजूबाजूच्या पावलांवरून कळतं. मादी अंडी न घालता परतत असेल तर त्या जागी रात्री कोणता दिवा दिसतो, कुणाची गाडी पुळणीवर उतरते, वाळू कुठून उचलली जाते, हेही टिपून ठेवा.

याच हंगामात आणखी एक काम करायचं, थोडं अवघड. गावात पूर्वी अंडी काढणारी माणसं असतात आणि ती सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्याकडे जाऊन बसा. अंधारात माग ओळखणं, वाळूत घरटं नेमकं कुठे आहे ते पायाने चाचपून सांगणं, हे ज्ञान त्यांच्याइतकं कुणाकडे नाही. त्यांना दम देऊन तुम्हाला एक शत्रू मिळेल. पहाटेच्या गस्तीचं मानधन देऊन बरोबर घेतलंत तर उत्तम राखणदार मिळेल. बिनपगारी घेऊ नका. ज्याचं उत्पन्न गेलं त्याच्याकडून फुकट सेवा मागणं अन्यायाचं आहे आणि ते टिकतही नाही.

२. परवानगी आणि समिती

समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. हेतू कितीही चांगला असला तरी वनविभागाच्या परवानगीशिवाय अंड्यांना हात लावणं हा गुन्हा आहे. वनरक्षकाला आणि वनक्षेत्रपालांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या आणि पहिल्या हंगामाची वही त्यांच्यासमोर ठेवा. भरलेली वही पाहिली की अर्जाकडे बघण्याची नजर बदलते. कांदळवन कक्षाशीही संपर्क साधा. किनाऱ्यावरच्या अशा कामांना तिथून प्रशिक्षण आणि मदत मिळू शकते.

गावाच्या बाजूने ग्रामसभेचा ठराव हवा. वेगळी संस्था काढायची घाई करू नका. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती नुसती कागदावर असेल तर जागी करा आणि तिच्या हाताखाली कासव उपसमिती नेमा. प्रत्येक वाडीतून एक माणूस, मच्छीमारांमधून किमान दोघं, निम्म्या बाया, आणि वर म्हटलेल्या जुन्या जाणकारांपैकी एक तरी. बँक खातं समितीच्या नावे, सह्या दोघांच्या, आणि ते दोघं एका घरातले नकोत.

३. घरटं हलवायचं की जागेवर राखायचं

हॅचरी म्हणजे घरट्यांतली अंडी आणून राखायची कुंपण घातलेली जागा. ती दिसायला छान, दाखवायला सोपी, म्हणून प्रत्येक घरटं उचलून तिथे नेण्याकडे कल असतो. माझं म्हणणं उलट आहे. जिथे भरतीचं पाणी पोहोचत नाही आणि कुत्र्या-कोल्ह्यांपासून बचाव करता येतो, तिथे घरटं जागेवरच राहू द्यावं आणि वर मोठ्या छिद्रांची जाळी ठोकावी. छिद्रं इतकी मोठी हवीत की पिल्लू सहज बाहेर पडेल. मादीने निवडलेली जागा बहुधा आपल्यापेक्षा चांगली असते. घरटं उधाणाच्या रेषेखाली असेल, पायवाटेत असेल किंवा चोरीची खात्रीच असेल, तरच हलवायचं.

हलवायचं ठरलं तर घाई आणि सावधपणा दोन्ही हवेत. टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची, साधारण शंभर-सव्वाशे अंडी दीड फूट खोल खड्ड्यात असतात. घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटू लागतो. त्यानंतर अंडं फिरलं की गर्भ मरतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून अंडी घातल्यापासून सहा तासांच्या आत काम उरकायचं. सकाळी दहाला सापडलेलं घरटं मध्यरात्रीचं आहे असं वाटलं तर ते हलवू नका, जागेवरच राखा.

उकरताना फावडं नाही, काठी खुपसणं नाही, फक्त हात. हातांना साबण, तेल, डासांचं मलम लागलेलं नको. वाळूचा वरचा थर हलकेच बाजूला करत पहिलं अंडं दिसेपर्यंत जा. अंडं जसं आहे तसंच, न फिरवता, उचलून बादलीत ठेवायचं. बादलीच्या तळाला त्याच खड्ड्यातली ओली वाळू असावी. एकजण उचलतो, दुसरा मोजतो. बादली पायी न्यायची. मोटरसायकलच्या हादऱ्यांनी सगळी मेहनत वाया जाते. नवा खड्डा मूळ खड्ड्याइतकाच खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर. मादी मागच्या वल्ह्यांनी असाच खड्डा काढते. अंडी हळुवार ठेवून झाली की आधी ओली वाळू, मग वरून कोरडी. दाबून धोपटू नका, आतल्या गर्भाला हवा लागते. शेवटी पाटी: घरट्याचा क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या, शोधणाऱ्याचं नाव. आपलं नाव पाटीवर आहे म्हणून पहाटे चारला उठणारी माणसं प्रत्येक गावात असतात.

४. हॅचरी

जागा उधाणाच्या भरतीरेषेच्या वर, खाडीच्या तोंडापासून लांब, सुरूच्या झाडांच्या मुळांपासून दूर. मुळं खड्ड्यात घुसून अंडी नासवतात. कुंपणाची जाळी जमिनीखालीही दीड-दोन फूट पुरा, नाहीतर कुत्री आणि खेकडे खालून येतात. दोन घरट्यांत एक मीटर अंतर. जागा दरवर्षी बदला, कारण जुन्या वाळूत फुटलेल्या अंड्यांमुळे बुरशी आणि जंतू वाढलेले असतात.

तापमानाकडे लक्ष हवं. कासवांमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात, त्याहून गरम वाळूत माद्या वाढतात, आणि ३४-३५ च्या पुढे गर्भच मरू लागतात. मार्चमध्ये आपल्या किनाऱ्यावर ऊन चढतं. अंड्यांच्या खोलीवर पोहोचणारा एक तापमापक घ्या, रोज त्याच वेळी वाचन लिहा आणि गरजेनुसार हॅचरीच्या काही भागावर हिरवी सावलीची जाळी ताणा. सगळ्यावर नको.

पिल्लं ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. डिसेंबरच्या थंड वाळूतल्या घरट्याला जास्त दिवस लागतात, फेब्रुवारीतल्याला कमी. चाळिसाव्या दिवसापासून त्या घरट्यावर बांबूची टोपली पालथी घाला, म्हणजे रात्री वर आलेली पिल्लं इकडेतिकडे भरकटणार नाहीत. मात्र टोपली दर तासा-दोन तासांनी बघायलाच हवी. विसरलेल्या टोपलीखाली सकाळच्या उन्हात पिल्लं मरतात, आणि राखणदाराला ते पाहणं फार जड जातं.

बाहेर येणं थांबल्यावर घरटं उकरून रिकामी टरफलं, न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लं वेगवेगळी मोजा. एकाच घरट्याचा निकाल वाईट असेल तर बहुधा हलवताना चूक झाली. सगळ्यांचाच वाईट असेल तर जागा चुकली.

५. शनिवारचा मोह

पाहुणे शनिवार-रविवारी येतात, पिल्लं वार बघून येत नाहीत. मग कुणीतरी सुचवतं, गुरुवारी आलेली पिल्लं टबात पाणी घालून ठेवू, शनिवारी सोडू. या एका गोष्टीला गावाने ठरावातच बंदी घालावी असं मला मनापासून वाटतं.

अंड्यातल्या बलकाचा उरलेला साठा पिल्लाच्या पोटात असतो. समुद्रात शिरल्यावर ते पहिला दिवस-रात्र जवळजवळ न थांबता पोहतं आणि किनाऱ्याजवळच्या मोठ्या माशांच्या टापूतून बाहेर पडतं. ती ताकद याच साठ्यातून येते. टबात ते तसंच वल्हवत राहतं, भिंतींवर आपटत, आणि शनिवारी सोडलं जातं ते थकलेलं पिल्लू. दोरीच्या पलीकडे टाळ्या वाजतात. पुढे काय झालं ते कुणालाच दिसत नाही.

म्हणून नियम सोपा ठेवा. रात्री आलेली रात्रीच सोडायची, पाहुणे असोत वा नसोत. पहाटे टोपलीत सापडलेली उजाडताना. चुकून भर दुपारी आली तर सावलीत, ओलसर वाळूवर, पाण्याशिवाय ठेवून ऊन उतरताच. सोडताना लाटेत नेऊन टाकू नका. त्यांना वाळूवरून काही मीटर स्वतः चालू द्या. रोज तीच जागा नको, नाहीतर मासे आणि पक्षी तिथे टपून बसायला शिकतात.

मग पाहुण्यांना काय सांगायचं? खरं तेच. बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा की पिल्लं दिसण्याची खात्री नाही. हॅचरीच्या पाटीवरच्या तारखांमध्ये ४५ आणि ६० दिवस मिळवून कोणत्या आठवड्यात जास्त शक्यता आहे याचा तक्ता तयार होतो. तोच तक्ता बुकिंग घेणाऱ्याच्या हातात द्या. आणि पिल्लं न दिसलेल्या सकाळीही पाहुण्याला काहीतरी मिळालं पाहिजे. उकरलेल्या घरट्याची मोजणी त्याच्यासमोर करा, वही दाखवा. २०२३ साली गुहागरला उपग्रह टॅग लावलेली 'बागेश्री' ही मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली होती. २०२१ साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या सुरुवातीला गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी आहेत हा समज त्यामुळे हलला. गावातल्या पोरांना हे नीट सांगता आलं तर पाहुणा रिकाम्या हाताने गेला असं कुणी म्हणणार नाही.

६. किनाऱ्यावरची शिस्त

एक दोरी, एक बोलणारा, दोन रांगा. दोरीपाशी दोन रांगांत जेवढे बसतील तेवढेच एका वेळी. बाकीच्यांनी मागे थांबायचं. पिल्लाला हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, ड्रोन नाही. समुद्राच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, त्यामुळे संध्याकाळनंतर किनाऱ्याकडे तोंड असलेले दिवे बंद करायचे. यात ग्रामपंचायतीचा खांबावरचा दिवाही आला. रात्री अंडी घालणारी मादी दाखवायला पाहुण्यांना नेऊ नका. माणसांच्या चाहुलीने ती अंडी न घालताच परत फिरते.

७. घरं, पाणी, पाळी

किती पाहुणे घ्यायचे हे कासवांवरून नाही, विहिरींवरून ठरवा. महोत्सवाचा काळ म्हणजे फेब्रुवारी अखेर ते एप्रिल, आणि नेमकं तेव्हाच कोकणात पाणी आटायला लागतं. ज्या घरांत स्वच्छ संडास आणि स्वतःचं पुरेसं पाणी आहे तेवढीच घरं यादीत. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, तिची नोंदणी करून घ्यावी. दर सगळ्या घरांत एकच, जेवण घरचं, दारू नाही.

बुकिंगचा फोन एकच आणि पाहुणे घरोघरी पाळीने. पाळी मोडली की सगळं मोडतं. ज्याचा पुण्या-मुंबईत गोतावळा मोठा, त्याचंच घर भरत जातं आणि उरलेलं गाव रुसतं. त्याहून नाजूक प्रश्न किनाऱ्यापासून लांबच्या वाडीचा असतो. तिथली घरं लहान, संडास अर्धे बांधलेले, म्हणून त्यांचं नाव यादीत लागत नाही. पण त्याच वाडीतली माणसं अंडी काढायला किंवा कुत्री मोकळी सोडायला किनाऱ्यावर येऊ शकतात. त्यांच्यासाठी इतर कामं राखून ठेवा: वाटाड्याचं काम, रिक्षा, भाजी आणि मासळी पुरवणं, दुपारच्या पंगतीचा स्वयंपाक. पहिल्या दोन हंगामांचा निधी त्या वाडीत संडास बांधायला लागला तर तो खर्च कासवांसाठीच झाला असं समजा.

स्वयंपाक, धुणं, पाहुण्यांची उठबस सगळं बाया करतात. मग पैसे त्यांच्याच खात्यात जायला हवेत.

८. हिशोब

समजा दर पाहुण्यामागे १०० रुपये संवर्धन निधीत टाकायचं ठरलं आणि हंगामात ६०० पाहुणे आले, तर ६०,००० रुपये जमतात. दोन राखणदार, चार महिने: प्रत्येकाला महिन्याला ७,५०० रुपये. जाळी, बॅटरी, टोपल्या यांना काहीच उरलं नाही. असा हिशोब हंगामाआधी मांडला तरच दर नीट ठरतो. क्रमही लिहून ठेवा: पहिलं राखणदारांचं मानधन, दुसरं हॅचरीचं साहित्य, तिसरं गावाचं सामाईक काम. मानधनाला दुसरीकडून पैसे मिळतीलच असं धरून चालू नका. देणगीदारांना नाव लिहिलेल्या कमानी द्यायला आवडतं, पहाटेच्या गस्तीचे पैसे सहसा कुणी देत नाही.

जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. रवांडात राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला १० टक्के वाटा आसपासच्या गावांना जातो आणि तो आकडा जाहीर असतो. आपल्या छोट्या गावाला तेवढं करणं काहीच कठीण नाही.

९. मच्छीमार

किनाऱ्यावर शंभर पिल्लं वाचवली आणि समुद्रात एक प्रौढ मादी जाळ्यात गुदमरली, तर हिशोब तोट्याचा आहे. पिल्लांपैकी मोठी होणारी हजारात एखादी असते, असा ढोबळ अंदाज मांडला जातो. म्हणून मच्छीमारांशिवाय हे काम अपुरं आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर महाराष्ट्रात २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. फोटो, व्हिडिओ आणि अर्ज लागतो. समितीतल्या एका मुलाने हे अर्ज भरून देण्याचं काम अंगावर घेतलं पाहिजे, कारण समुद्रावरून दमून आलेला माणूस कार्यालयात खेटे घालणार नाही.

१०. वाईट वर्ष

मार्च २०२० मध्ये ऐन हंगामात टाळेबंदी लागली आणि पाहुणे एका दिवसात थांबले. घरटी मात्र वाळूतच होती. अशा वर्षासाठी एका हंगामाचं मानधन निधीत कायम शिल्लक ठेवा, त्याला एरवी हात लावू नका. घरट्यांची संख्याही दरवर्षी खालीवर होते. चार घरटी मिळालेल्या वर्षी महोत्सव करू नका, राखण मात्र पूर्ण करा. आणि एकाही घराने फक्त पाहुण्यांवर अवलंबून राहू नये. आंबा, काजू, मासळी, शेती आधी.

११. मे महिन्यातली कामं

शेवटचं घरटं उकरून झालं की हॅचरीची जाळी आणि बांबू पावसाआधी काढून घरात ठेवा. वहीची स्वच्छ प्रत वनविभागाला द्या, दुसरी शाळेत. मग ग्रामसभा: घरटी किती, अंडी किती, पिल्लं किती गेली, पाहुणे किती, कोणत्या घराला किती पाळ्या मिळाल्या, निधीत काय उरलं. तक्रारी याच सभेत ऐका, कारण नोव्हेंबरमध्ये कुणाला वेळ नसतो. पाळीची नवी यादी पाटीवर लावा, यंदा ज्यांना कमी पाहुणे मिळाले त्यांची नावं वर. पुढच्या हॅचरीची जागा मात्र आत्ता ठरवू नका. पावसाळ्यात समुद्र पुळण कुठे खातो आणि वाळू कुठे आणून टाकतो, ते ऑक्टोबरमध्ये चालून बघा आणि मगच खुंट्या ठोका.